काउंटरवरचा कॉम्प्युटर आणि ग्राहकाची कागदपत्रं: अ‍ॅड ब्लॉकर का लावायचा, कसा लावायचा



या आठवड्याच्या व्हिडिओत काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर अ‍ॅड ब्लॉकर लावून दाखवला. वेळेअभावी बरंच सांगायचं राहिलं, ते इथे लिहून देतोय. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, फोटो स्टुडिओ, मोबाइल रिचार्ज असं कुठलंही दुकान असो, ग्राहकाचे कागद तुमच्या कॉम्प्युटरवर येत असतील तर हा धडा तुमच्यासाठी आहे.

आधी माझीच चूक

जुलै २०२४. लाडकी बहीण योजनेचा पहिला महिना. माझ्या सावेडीतल्या दुकानासमोर सकाळी आठपासून रांग. हातात आधार, रेशनकार्ड, पासबुक. त्यातच प्रिंटर अडकला. दुकानात कामाला असलेल्या मुलाने गुगलवर प्रिंटरचा ड्रायव्हर शोधला, पहिल्या लिंकवर क्लिक केलं, फाइल डाउनलोड केली आणि इन्स्टॉल करून मोकळा झाला. त्या लिंकच्या वर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं होतं. म्हणजे ती प्रिंटर कंपनीची साइट नव्हतीच, पैसे देऊन वर आणलेली जाहिरात होती.

दहा मिनिटांत स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ अशा पाट्या उसळायला लागल्या. रांगेतल्या एक मावशी म्हणाल्या, “अहो दादा, माझं आधार आत्ताच टाकलं ना त्यात?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

संध्याकाळी टेक्निशियन आला. फॉरमॅट मारण्याआधी आम्ही डाउनलोड्सचं फोल्डर उघडलं. त्यात शेकडो आधारकार्डं, पासबुकं, उत्पन्नाचे दाखले. ब्राउझरची हिस्ट्री पाहिली, तर फाइल लहान करण्यासाठी महिनाभर कुठल्या कुठल्या फुकट साइट्सवर लोकांची आधारकार्डं अपलोड केलेली.

फॉरमॅट मारल्यावर कॉम्प्युटर स्वच्छ झाला. पण त्या काळात त्यातून काही बाहेर गेलं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. त्या मुलाची चूक नाही. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि शिकवायचं काम माझं होतं.

जाहिरात आणि माहितीचा संबंध काय?

आपल्याला वाटतं की जाहिरात म्हणजे भिंतीवरचं पोस्टर. बघायचं तर बघा, नाहीतर सोडा. इंटरनेटवरची जाहिरात तशी नसते. तुम्ही एक पान उघडता, तेव्हा तुमचा ब्राउझर त्या साइटबरोबरच इतर अनेक कंपन्यांच्या सर्व्हरशीही बोलतो. कुठल्या गावातून पान उघडलं, कुठलं मशीन आहे, आधी काय पाहिलं, ही माहिती त्यांच्याकडे जाते. त्यावरून क्षणभरात लिलाव होतो आणि जिंकणाऱ्याची जाहिरात तुम्हाला दिसते. हे काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमना ट्रॅकर म्हणतात.

दुकानात याचा वेगळाच घोळ होतो, कारण एका कॉम्प्युटरवर दिवसभरात चाळीस माणसांची कामं होतात. सकाळी एका शेतकऱ्यासाठी कर्जाची माहिती शोधली, की दुपारी दुसऱ्याच ग्राहकासमोर कर्जाच्या जाहिराती झळकतात. एखाद्या ताईंसाठी दवाखान्याची माहिती काढली, की तीच गोष्ट पुढच्या माणसाला स्क्रीनवर दिसते.

आणि तिसरा धोका माझ्यासारखा: जाहिरातीच्या जागेत बसलेला चोर. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना सावध केलं होतं, की गुन्हेगार सर्च इंजिनवर जाहिराती विकत घेऊन नामांकित कंपन्यांसारख्या दिसणाऱ्या खोट्या साइट्स चालवतात. त्यात दिलेल्या सल्ल्यांपैकी एक होता: सर्च करताना अ‍ॅड ब्लॉकर वापरा.

पायरी १: ब्राउझर आणि अ‍ॅड ब्लॉकर (१० मिनिटं)

दुकानाच्या रोजच्या कामासाठी फायरफॉक्स घ्या. तो मोझिलाचा आहे, फुकट आहे, आणि मराठीतही मिळतो. डाउनलोड मोझिलाच्याच साइटवरून करायचं, मध्येच दिसणाऱ्या दुसऱ्या कुठल्या बटणावरून नाही.

मग उजव्या कोपऱ्यातल्या तीन रेघांवर क्लिक करा, अ‍ॅड-ऑन्समध्ये जा आणि ‘यूब्लॉक ओरिजिन’ इंग्रजीत टाइप करून शोधा. नाव पूर्ण वाचा. नुसतं ‘यूब्लॉक’ नाही, पुढे ‘ओरिजिन’ पाहिजे, आणि बनवणाऱ्याचं नाव रेमंड हिल पाहिजे. मिळत्याजुळत्या नावाचे इतर ब्लॉकर असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. इन्स्टॉल केलं की काम झालं. सेटिंग काही करावं लागत नाही.

क्रोमवर का नको? गुगलने एक्स्टेंशनचे नियम बदलले, त्यामुळे २०२४-२५ मध्ये क्रोममधून यूब्लॉक ओरिजिन टप्प्याटप्प्याने बंद झालं. तिथे आता त्याची ‘लाइट’ आवृत्ती चालते. ती थोडी कमी ताकदीची आहे, पण काहीच नसण्यापेक्षा खूप बरी. काही सरकारी पोर्टल क्रोमवरच नीट चालतात, त्यासाठी क्रोम ठेवा आणि त्यात लाइट टाका.

एखादा फॉर्म सबमिट होत नसेल किंवा पेमेंटचं पान अडलं, तर घाबरू नका. यूब्लॉकच्या चिन्हावर क्लिक करा, मोठं पॉवरचं बटण दिसेल. ते दाबलं की फक्त त्या साइटपुरता ब्लॉकर बंद होतो. पान रिफ्रेश करा, काम करा. पूर्ण एक्स्टेंशन काढून टाकू नका. बरेच जण इथेच चुकतात.

अँड्रॉइड फोनवरही फायरफॉक्समध्ये हेच एक्स्टेंशन चालतं. आयफोनवरच्या फायरफॉक्समध्ये ते चालत नाही, तिथे ब्रेव्ह ब्राउझर वापरा. त्यात ब्लॉकर आधीपासूनच असतो.

पायरी २: फाइल लहान करायला ऑनलाइन साइट बंद

फॉर्म म्हणतो फाइल अमुक केबीच्या आत पाहिजे. आपण लगेच कुठल्यातरी साइटवर आधार चढवतो. त्या साइटचा सर्व्हर कुठे आहे, फाइल कधी पुसली जाते, आपल्याला काय माहीत? अ‍ॅड ब्लॉकर इथे काही करू शकत नाही, कारण फाइल आपणच आपल्या हाताने देतोय.

त्याऐवजी ‘पीडीएफ२४ क्रिएटर’ हे सॉफ्टवेअर विंडोजवर इन्स्टॉल करा. फाइल लहान करणं, जोडणं, पानं वेगळी करणं, सगळं तुमच्याच मशीनवर होतं. याच नावाची वेबसाइटही आहे, पण आपल्याला इन्स्टॉल करायचं सॉफ्टवेअर हवंय. खात्री कशी करायची? नेटची वायर काढा आणि फाइल लहान करून बघा. झाली म्हणजे त्या कामासाठी फाइल बाहेर पाठवावी लागत नाही. ही वायर काढून बघायची युक्ती कुठल्याही सॉफ्टवेअरला लावता येते.

पायरी ३: जुन्या सवयींना पर्याय

स्कॅनसाठी: फोनमधल्या फुकट स्कॅनर अ‍ॅपऐवजी दुकानाच्या स्कॅनरला ‘नॅप्स२’ जोडा. फुकट आहे, थेट पीडीएफ करून देतं. कॅमस्कॅनर आठवतंय ना? ऑगस्ट २०१९ मध्ये कॅस्परस्की कंपनीला त्याच्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये घातक कोड सापडला, आणि तो जाहिराती दाखवणाऱ्या भागातून आलेला होता. पुढे २९ जून २०२० ला भारत सरकारने ज्या ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात कॅमस्कॅनर होतं, आणि शेअरइट, झेंडर, यूसी ब्राउझरही. यातलं काही एखाद्या जुन्या फोनमध्ये पडून असेल तर आजच काढा.

टायपिंग आणि हिशेबासाठी: क्रॅक केलेलं ऑफिस वापरत असाल तर थांबा. क्रॅक म्हणजे कुणीतरी अनोळखी माणसाने कुलूप तोडून दिलेली वस्तू. त्याने आत काय ठेवलंय हे तुम्हाला कसं कळणार? ‘लिब्रेऑफिस’ कायदेशीरपणे फुकट आहे, २०१० पासून सुरू आहे, मराठी युनिकोड व्यवस्थित चालतं. एक अडचण आधीच सांगतो: वर्डमध्ये बनवलेल्या फाइलची मांडणी कधीकधी हलते, म्हणून प्रिंट देण्याआधी एकदा नजर टाका.

व्हिडिओसाठी: व्हीएलसी. पासवर्डसाठी: काउंटरखालच्या वहीऐवजी ‘बिटवॉर्डन’ किंवा ‘कीपासएक्ससी’.

फुकट आणि फुकट यात फरक आहे

तुम्ही विचाराल, “सर, हेही फुकटच आहे, मग यांच्यावर विश्वास का ठेवायचा?” प्रश्न बरोबर आहे. फायरफॉक्स, यूब्लॉक ओरिजिन, लिब्रेऑफिस, व्हीएलसी, नॅप्स२ यांचा सोर्स कोड खुला आहे. कोणीही जाणकार उघडून तपासू शकतो. पीडीएफ२४ चा कोड खुला नाही, ते मी फक्त ऑफलाइन चालतं म्हणून सांगतोय.

दुसऱ्या प्रकारचं फुकट म्हणजे जिथे माल तुमची माहिती असते. अव्हास्ट हे नावाजलेलं अँटिव्हायरस. लोकांनी सुरक्षेसाठी घेतलं, पण ते लोकांची ब्राउझिंगची माहिती गोळा करून आपल्या दुसऱ्या कंपनीमार्फत विकत होतं, असा ठपका अमेरिकेच्या एफटीसीने ठेवला. फेब्रुवारी २०२४ मध्ये १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. रखवालदारच खबर देत असेल तर काय करायचं?

अ‍ॅड ब्लॉकरने काय होत नाही

हे लिहिलं नाही तर माझा धडा अर्धवट राहील. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘चलन’ किंवा ‘योजनेची यादी’ म्हणून आलेली एपीके फाइल अ‍ॅड ब्लॉकर थांबवत नाही. ती उघडायचीच नाही. इन्कॉग्निटोनेही तुम्ही अदृश्य होत नाही. इन्कॉग्निटोमधल्या ट्रॅकिंगवरून गुगलवर २०२० मध्ये अमेरिकेत दावा झाला आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीने तसा डेटा नष्ट करायचं मान्य केलं. ग्राहकाची पाटी पुसायला इन्कॉग्निटो चांगलं, लपायला नाही. आणि पैशाची फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

“सर, तुम्हीच तर जाहिराती शिकवता!”

हो. जाहिरात कशी करायची हे मी शिकवतो, आणि माझ्या व्हिडिओंवरही जाहिराती लागतात. प्रत्येक जण ब्लॉकर लावेल तर माझंही थोडं उत्पन्न जाईल. तरीही सांगतोय, कारण ज्या कॉम्प्युटरवर परक्या माणसाचं आधार उघडलं जातं, तिथे माझ्या चार पैशांपेक्षा त्या माणसाचा हक्क मोठा आहे. घरच्या मशीनवर ज्या साइटला, ज्या पेपरला मदत करावीशी वाटते, तिथे त्याच पॉवर बटणाने ब्लॉकर बंद ठेवा. दुकानाच्या मशीनवर चालूच ठेवा.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं. २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यातलं एक तत्त्व आपल्या धंद्याला सरळ लागू पडतं: ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं, की ती पुसायची. झेरॉक्स काढल्यावर आपण ओरिजिनल परत देतो, काम संपतं. कॉम्प्युटरवर मात्र कॉपी मागे राहते, आणि ती पुसणं आपल्याच हातात आहे.

आजचा होमवर्क

आज शटर ओढण्याआधी अर्धा तास काढा.

१. फायरफॉक्स आणि यूब्लॉक ओरिजिन टाका.
२. पीडीएफ२४ क्रिएटर टाका, नेट काढून तपासा.
३. डाउनलोड्स फोल्डरमधली ग्राहकांची कागदपत्रं शिफ्ट-डिलीटने काढा. व्हॉट्सअ‍ॅप वेबवरच्या ग्राहकांच्या फाइल्सही काढा आणि लॉग आउट करा. हे रोज.
४. चालत असेल तिथे ग्राहकाला मास्क्ड आधार सुचवा. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.
५. कामाला असलेल्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून ‘प्रायोजित’ हा शब्द दाखवा. ड्रायव्हर फक्त कंपनीच्या साइटवरून घ्यायचा, हे सांगा.

माझ्या दुकानात आता काउंटरवर एक छोटी पाटी आहे: ‘काम झाल्यावर तुमची फाइल तुमच्यासमोर डिलीट करून घ्या.’ सुरुवातीला कुणी लक्ष दिलं नाही. आता काही ग्राहक थांबतात, वाकून स्क्रीन बघतात आणि मगच पैसे देतात. मला त्यात दोन मिनिटं जास्त जातात. पण पुन्हा कुणी मावशींनी “माझं आधार आहे ना त्यात?” असं विचारलं, तर स्क्रीन त्यांच्याकडे फिरवून मी म्हणू शकतो, “नाही मावशी, हे बघा.”

पुढच्या व्हिडिओत पासवर्ड मॅनेजर बसवून दाखवतो. तोवर वरचे पाच मुद्दे पूर्ण करा.