कळ येत नाही म्हणून

शुभे, परवा फोनवर म्हणालीस, "ताई, यांच्या छातीत कळ नाही की काही नाही, मग दर वर्षी ती अँजिओग्राफी कशाला? नुसता खर्च नि हेलपाटा." तेव्हा गॅसवर फोडणी होती, म्हणून बोलले नाही. आता ऐक.

विनायकरावांना कळ सहसा येणारच नाही गं. त्यांचं हृदय बदललंय, आणि ते बदलताना मोठ्या रक्तवाहिन्या जोडता येतात, मज्जातंतू नाही जोडता येत. त्यामुळे नव्या हृदयाला दुखलं तरी सांगायला तोंड नाही. आणि नेमका त्याच्याच रक्तवाहिन्यांना पुढे धोका असतो. साध्या ब्लॉकेजसारखी एकाच जागी गाठ नसते, आख्खी नळी आतून जाड होत जाते. आपल्या चाळीतला तो जुना पाइप आठव. बाहेरून धड, आणि धार करंगळीएवढी. दम लागणं, थकवा, पायावर सूज, एवढंच काय ते दिसतं, तेही उशिरा. म्हणून ती अँजिओग्राफी.

नळीला आतून पेशींचं नाजूक अस्तर असतं. ते झिजलं की डागडुजीला रक्तातून काही जनक पेशी फिरत असतात, अस्थिमज्जेतून आलेल्या. 1997 मध्ये आसाहारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी हे मांडलं. मग 2003 मध्ये असं दिसलं, की प्रत्यारोपणानंतर ज्यांच्या नळ्या बिघडल्या त्यांच्या रक्तात या पेशी कमी होत्या. पण गंमत बघ, त्या बिघडलेल्या नळ्यांत रुग्णाच्या स्वतःच्या पेशी येऊन बसलेल्या होत्या. हृदय दुसऱ्याचं, अस्तर आपलं! त्या दुरुस्तीला आल्या की गुंता वाढवायला, हे भांडण अजून मिटलेलं नाही. म्हणून उद्या कोणी नळ्या दुरुस्त करायला "स्टेम सेलचं इंजेक्शन देतो" म्हणत आला, तर त्याला दारातूनच परत पाठव. चहासुद्धा देऊ नकोस.

त्यापेक्षा चालायला लाव. व्यायामाने या पेशी वाढतात असं अभ्यासात दिसलंय, आणि नॉर्वेच्या डॉक्टरांनी वर्षभर देखरेखीखाली जलद व्यायाम करवला, तर नळ्या जाड होण्याचा वेग मंदावला. विनायकरावांनी मात्र एकदम जोर करायचा नाही. त्यांचे ठोके बसल्या जागीही नव्वद-शंभर असतात आणि चालायला लागल्यावर सावकाश चढतात. पहिली दहा मिनिटं रमतगमत, शेवटची दहाही तशीच. सकाळी दादरला माझ्याकडे या, शिवाजी पार्कला दोन फेऱ्या मारू.

आता सणाचं. गणपतीत पपनस घरात आणशील, बाप्पापुढे ठेवशील, ठेव. त्यांच्या ताटात एक फोडही नको. त्यांच्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीचं, टॅक्रोलिमसचं, प्रमाण त्याने रक्तात वाढतं आणि मूत्रपिंडं बोंबलतात. बाकी फळांचं डॉक्टरांना विचार. गोळीची वेळ म्हणजे वेळ, आरती लांबली तरी. आणि लालबागच्या राजाच्या रांगेत त्यांना उभं करायचं नाही. प्रतिकारशक्ती दाबून ठेवलेल्या माणसाला ती गर्दी नको. तू जाऊन ये, त्यांच्या वाटचा नमस्कार कर.

खर्चाचं म्हणशील तर परळला केईएमवरून जाताना मला नेहमी एक आठवतं. 16 फेब्रुवारी 1968 ला तिथे डॉ. प्रफुल्लकुमार सेनांनी देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. केपटाउनला डॉ. बर्नार्डांनी जगातलं पहिलं केलं, त्यानंतर जेमतेम अडीच महिन्यांनी! तो रुग्ण काही तासच जगला. आणि जास्त जगला असता, तरी शरीर परकं हृदय नाकारतं, ते रोखणारी आजची औषधं तेव्हा नव्हती. तुझ्याकडे तर डब्यात खण पाडून ठेवलीयेत. मग तपासणीच्या खर्चाला का कुरकुरतेस?

तेव्हा उद्याच फोन कर आणि अँजिओग्राफीची तारीख घे. गुरुवार सोडून कुठलाही दिवस चालेल, मी येते सोबत. आणि त्यांना सांगू नकोस मी रागावले म्हणून.