बॅच घट्ट झाली, पण कलम धरलं का?

नगरच्या नागापूर एमआयडीसीत चपला-बुटांचे सोल चिकटवायच्या सोल्युशनवर काम करताना हाती लागलेलं हे. पीव्हीसी सोलमधला प्लास्टिसायझर साध्या निओप्रीनच्या थरात झिरपतो, थर मऊ पडतो आणि सोल सुटतो. म्हणून टोल्युइनमध्ये विरघळवलेल्या निओप्रीन रबरावर मिथाइल मेथाक्रिलेटचं, म्हणजे एमएमएचं, कलम करावं लागतं.

1. फुटण्याच्या वेगाआधी इनिशिएटरचा, म्हणजे कलमाची सुरुवात करून देणाऱ्या रसायनाचा, स्वभाव बघा. एआयबीएन तापलं की नायट्रोजन निघून जातो आणि मागे शांत प्रकृतीचा मूलक उरतो. तो एमएमएशी चटकन जुळतो, पण रबराच्या साखळीवरचा हायड्रोजन ओढायची ताकद त्याच्यात नाही. बेंझॉइल पेरॉक्साइडचे मूलक आक्रमक. ते दुहेरी बंधाजवळचा हायड्रोजन खेचतात, नाहीतर बंधालाच जाऊन चिकटतात, आणि तिथून एमएमएची फांदी फुटते. दोन्ही बॅचमध्ये एमएमए सारखंच संपेल. एआयबीएनच्या बॅचमध्ये मात्र त्यातलं बहुतेक रबराशेजारी सुटं पॉलिमर होऊन बसलेलं असेल, आणि ते सोल धरत नाही.

2. नुसत्या घट्टपणावर बॅच पास करू नका. पातळ फिल्म वाळवा, वजन करा, अॅसिटोनमध्ये भिजत ठेवा, पुन्हा वाळवून वजन करा. सुटं पॉलिमर अॅसिटोनमध्ये निघून जातं, कलम झालेलं रबराबरोबर राहतं. माझ्या मते सोल ओढून बघण्याआधी ही चाचणी व्हायलाच हवी.

3. दहा तासांत निम्मं उरण्याचं तापमान एआयबीएनचं सुमारे 65 अंश, बेंझॉइल पेरॉक्साइडचं सुमारे 73. एकाच्या जागी दुसरं घेतलं तर जुना तापमान-तक्ता चालत नाही.

4. पेरॉक्साइड ओलं येतं, बहुधा 75 टक्क्यांचं. हिशेब कोरड्या वजनावर करा.

5. एप्रिल-मेमध्ये नगरचा पारा चाळिशीपार जातो. पेरॉक्साइड सावलीत, थंड जागी हवं. डायमिथाइल अॅनिलिनसारखं अमाइन त्याच खोलीतही नको, कारण अमाइनमुळे ते साध्या तापमानालाच फुटतं, कधी भडकतंही.

6. पेरॉक्साइड आणि अमाइनची हीच जोडी रबराच्या चिकावर काम करणाऱ्यांच्या उपयोगाची आहे, फक्त पेरॉक्साइड वेगळं. दोडामार्गच्या बागांतल्या चिकात एमएमए चढवायचं तर तो तापवला की गोठायची भीती. तिथे हायड्रोपेरॉक्साइड आणि टेट्राएथिलीनपेंटामाइन घेतलं की खोलीच्या तापमानाला काम होतं. पाण्यात विरघळणारं परसल्फेट घेतलं तर ते मात्र पाण्यातच मूलक सोडतं, त्यामुळे कलम मुख्यतः रबराच्या कणाच्या पृष्ठभागाजवळ होतं.