मत्स्यपेटीतील अदृश्य सेवक

गतवर्षी श्रावण महिन्यात आमच्या इयत्ता नववीच्या विज्ञान-मंडळाने प्रयोगशाळेत मत्स्यपेटी ठेवण्याचे ठरविले. वर्गणी जमली, ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशी काचेची पेटी आली. तळाशी धुतलेली वाळू पसरली, नळाचे पाणी भरले आणि दुसऱ्याच दिवशी बारा मासे तीत सोडले. पाणी स्फटिकासारखे निर्मळ होते. मधल्या सुट्टीत प्रत्येक जण येऊन कौतुकाने चिमूटभर खाद्य टाकीत असे. दहाव्या दिवशी सकाळी पाहतो तो सर्व मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकीत होते. सायंकाळपर्यंत चार मेले. पाणी घाण झाले असावे अशा समजुतीने आम्ही ते सगळे उपसले, वाळू आणि गाळणीचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला व नवे पाणी भरले. पुढील तीन दिवसांत आणखी पाच मेले. उरले ते तीन झेब्रा मासे.

जे पाणी डोळ्यांस इतके स्वच्छ दिसत होते त्यात मासे का मरावेत, हा प्रश्न आम्हांस स्वस्थ बसू देईना. त्याच्या उत्तराच्या शोधात जे शिकलो ते येथे सांगत आहोत. घरी मत्स्यपेटी ठेवू इच्छिणाऱ्यांस त्याचा उपयोग होईल.

आमच्या विज्ञान-शिक्षकांनी दोन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत नळाचे पाणी, दुसरीत पेटीतील. दोहोंत त्यांनी स्वतः नेस्लरच्या द्रावणाचे काही थेंब टाकले. हे द्रावण पाऱ्याचे व विषारी असल्याने विद्यार्थ्यांनी त्यास हात लावावयाचा नसतो. पहिली नळी होती तशीच राहिली. दुसरी पिवळी झाली. पिवळा रंग ही अमोनियाची खूण होय. निर्मळ दिसणाऱ्या त्या पाण्यात विष भरले होते आणि ते आम्हीच भरले होते.

मासा जे खातो त्यातील प्रथिनांचा त्याज्य भाग तो मुख्यत्वे कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो. न खाल्लेले खाद्य कुजले की त्यातूनही अमोनियाच निघतो. नदीत किंवा तळ्यात पाणी अफाट असते, त्यामुळे तो विरून जातो. आमच्या पेटीचे गणित मांडा : ६० × ३० × ३० म्हणजे ५४,००० घन सेंटिमीटर, अर्थात काठोकाठ भरली तरी अवघे ५४ लिटर! एवढ्याशा पाण्यात बारा मासे आणि वर्गातील चाळीस मुलांच्या चाळीस चिमटी. मग दुसरे काय होणार?

तथापि जगात लक्षावधी मत्स्यपेट्या सुखाने नांदतात, हे कसे? त्याचा इतिहास मनोरंजक आहे. १८५० च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने एका पात्रात दोन सोनमासे व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्रकाशात प्राणवायू देई, परंतु तिची पाने कुजून पाणी नासू लागले. तेव्हा त्याने पात्रात तळ्यातील गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाऊन टाकली व पात्राचा तोल साधला. पुढे त्याच्याच नावाच्या मुलाने, इंग्लंडातील रॉथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात, अमोनियाचे नायट्रेट कसे होते याचा अभ्यास करून हे कार्य दोन टप्प्यांत दोन निराळ्या जीवाणूंकडून होते असे दाखविले. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने ते जीवाणू वेगळे करून दाखविले. पित्यास जो तोल सापडला होता त्यातील अदृश्य भागीदारांचा माग पुत्राने काढला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

हेच ते आमच्या पेटीतील अदृश्य सेवक. पहिल्या प्रकारचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषच, ते रक्तातील हिमोग्लोबिनचे रूप बदलून प्राणवायू वाहण्याची त्याची शक्ती हिरावून घेते. दुसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते त्यामानाने निरुपद्रवी असून वनस्पतींचे अन्न आहे. जे उरते ते पाणी बदलताना निघून जाते. हे जीवाणू वाळूवर, काचेवर व विशेषतः गाळणीच्या स्पंजात वस्ती करतात. परंतु ती वस्ती पुरेशी वाढण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही त्यांस एक दिवसही दिला नव्हता. पुढे जी थोडी वस्ती झाली असेल तीही स्पंज नळाखाली धुऊन आम्हीच मारली, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन जंतू मारण्यासाठीच घातलेला असतो. तो मित्र आणि शत्रू असा भेद करीत नाही. माशांचे नाजूक कल्लेही त्याने भाजतात. आमची स्वच्छताच आमच्या माशांच्या मुळावर आली.

मग आम्ही चाल बदलली. एका वर्गमित्राच्या घरी जुनी मत्स्यपेटी होती. तिच्या स्पंजाचा तुकडा आणून आमच्या गाळणीत ठेवला. रुंद तोंडाच्या बादलीत रात्रभर उघडे ठेवलेले पाणी घेऊन रोज पाव हिस्सा पाणी बदलू लागलो. खाद्य देण्याचे काम एकाच विद्यार्थ्याकडे सोपविले. दर शनिवारी परीक्षानळी पाहावयाची : गडद पिवळी, मग फिकट आणि पाचव्या शनिवारी अगदी स्वच्छ! नायट्राइट अमोनियाच्या मागाहून जाते, म्हणून आणखी दोन आठवडे थांबून आम्ही तीन नवे झेब्रा मासे आणले.

घरी पेटी ठेवणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. काचेचा गोल वाडगा घेऊ नये. पाणी जितके थोडे तितके ते लवकर बिघडते. पेटी भक्कम मेजावर, थेट ऊन लागणार नाही अशा जागी ठेवावी; आमच्या पेटीतील पाण्याचेच वजन ५० किलोच्या घरात आहे. उष्ण प्रदेशातील बहुतेक माशांस २४ ते २६ अंश सेल्सिअस तापमान मानवते. आमच्या इंदुरात पौषातील रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा हीटर लागतो. उन्हाळ्यात उलट अडचण येते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांस साडेसातच. म्हणून वैशाखात हवेचा पंप बंद पडू देऊ नये. खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेच घालावे. पेटी स्थिरावल्यावर आठवड्यातून एकदा पाव हिस्सा पाणी बदलणे पुरते. स्पंज धुवावयाचा तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच.

नवशिक्यांसाठी झेब्रा मासा उत्तम. चार सेंटिमीटरांचा हा निळ्या पट्ट्यांचा मासा आपल्याच देशातील ओढ्या-नद्यांचा रहिवासी आहे. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो संशोधनासाठी पाळला जातो. तो कळपात रमतो, म्हणून किमान सहा ठेवावेत. सोनमासा मात्र छोट्या पेटीसाठी नव्हे. तो वीतभर वाढतो. काच साफ करील म्हणून आणलेला सकर मासा तर हातभर होतो. मग कंटाळून लोक त्यास तलावात सोडतात. दया म्हणून केलेले हे कृत्य घातक आहे. दक्षिण अमेरिकेतील हा मासा आपल्याकडील अनेक जलाशयांत पसरला असून तेथील मूळच्या माशांस उपद्रव देत आहे. पेटीतील मासा नको झाल्यास दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावा. तलावात कदापि सोडू नये.

गाय हंबरते, कुत्रा भुंकतो. मासा मात्र गुदमरला तरी हाक मारीत नाही. त्याची हाक परीक्षानळीच्या रंगात वाचावी लागते. आम्ही ती वाचावयास शिकलो, परंतु त्यासाठी नऊ जीव खर्ची पडले. हा लेख वाचून कोणी पेटी आणली, तर त्याने मासे आणण्यापूर्वी दीड महिना थांबावे. रिकाम्या पेटीत रोज खाद्याचे चार कण टाकावेत, गाळणी चालू ठेवावी व त्या अदृश्य सेवकांस घर बांधू द्यावे. आमचे सहाही झेब्रा मासे आज प्रयोगशाळेच्या खिडकीजवळ सुखाने फिरत आहेत. पाहावयास अवश्य यावे. खाद्य मात्र टाकू नये!