गुंडय्यांचे थापटणे



संस्कृत पाठशाळेत उपपद समास शिकताना 'कुंभकार' हा शब्द आम्ही घोकून घोकून पाठ केला. कुंभ घडताना मात्र पुष्कळ वर्षांनी पाहिला. शरण कुंभार गुंडय्या हे भालकीचे. ते मडके थापटू लागले की त्या नादावर साक्षात शिव नाचे, अशी कथा हरिहर कवीने आपल्या रगळेत गायिली आहे. ध्यानात घ्या, तो नाद चाकाचा नाही, थापटण्याचा आहे.

याचे मर्म कुंभाराच्या अंगणात कळते. चाकावरून उतरते ते जाड, अर्धेमुर्धे भांडे. ते जरा सुकले की आतून दगडी गोटा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकायचे. पुन्हा सुकवायचे, पुन्हा ठोकायचे. तेव्हा कुठे पोट गोल होते, भिंत पातळ होते. त्याच भिंतीतून पाणी झिरपते, वाऱ्याने उडते आणि आतले गार राहते. गुंडय्यांच्या धर्मपत्नी केतलदेवी यांच्या वचनात तर दृष्टांत याहून आधीच्या पायरीचा, मातीच्या कसाचा आहे.

आदिलाबाद जिल्ह्यात केसलापूरला पौष अमावास्येस नागोबाची जत्रा भरते. तेथील पूजेसाठी गोंडांचे मेसराम कूळ सिरिकोंड्याच्या कुंभारांकडून घागरी घडवून घेते. देवाच्या पाण्याला मातीचेच भांडे लागते. जत्रा सरली की घरोघर पुन्हा फ्रिज आणि प्लास्टिकचे जार! देवाने मान ठेवला. माणसांनी काय ठेवले?

साहाय्य मिळत नाही असे नव्हे. खादी ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून विजेची चाके देण्याची योजना चालविली. सप्टेंबर २०२३ मध्ये आरंभ झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपये आहेत. चाक फिरविण्याचे कष्ट त्याने वाचतात, हे चांगलेच झाले. पण वीज फक्त चाक फिरविते. तळ्याची माती, जळण, पावसाळ्यात न पेटणारा आवा, हाताचे थापटणे, सारे आहे तसेच राहते. आणि गिऱ्हाईक कोणत्या योजनेतून आणावे?

दुसऱ्यांना कशास बोल लावावा? गेल्या उन्हाळ्यात आमच्याच मठाच्या दासोहात पाणी जारमधून वाढले जात होते. गुंडय्यांचे चरित्र सांगता सांगता आमची नजर तिकडे गेली आणि जीभ अडखळली. यंदा बारा माठ सांगितले. घासाघीस केली नाही. कुंभाराने हात जोडून एवढेच विचारले, "अप्पाजी, पुढच्या साली बी लागतील न्हवं?"