कारोलिनचा वाडा

गाणे कागदावर लिहून ठेवता येते. गोष्ट पुस्तकात छापता येते. नाचाचे तसे नाही. एकाने नाचून दाखवावा आणि दुसऱ्याने पाहून शिकावा, तेव्हाच तो पुढे जातो. जाणती माणसे गेली आणि कुणी शिकलेच नाही, तर नाचही त्यांच्याबरोबर संपतो. पोलंडमधील मीरा झिमिन्स्का यांनी हे ओळखले आणि आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षे या कामाला दिली.

पोलंड हा युरोपातील देश. दुसऱ्या महायुद्धात तो उद्ध्वस्त झाला. तेथील सुमारे पाच हजार निर्वासितांना त्या वेळी आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आसरा मिळाला होता. १९४३ ते १९४८ या काळात तेथे त्यांची वसाहत होती. इकडे पोलंडची राजधानी वॉर्सा हिचे तर विटामातीचे ढीग झाले होते.

मीरा यांचा जन्म १९०१ सालचा. युद्धापूर्वी त्या वॉर्साच्या रंगभूमीवरील नामवंत नटी होत्या. लोक त्यांच्या विनोदी गाण्यांना गर्दी करीत. त्यांचे पती तादेउश सिगिएतिन्स्की हे संगीतकार होते. जगलो-वाचलो तर खेड्यांतील गाणी आणि नाच यांचे एक पथक काढायचे, असे दोघांनी युद्धाच्या धामधुमीतच ठरवले होते. युद्ध संपल्यावर मीरा पुन्हा नाटकात रमू शकल्या असत्या. नाव होते, पैसाही मिळाला असता. पण त्या पतीबरोबर खेड्यापाड्यांत हिंडू लागल्या. म्हाताऱ्या माणसांकडून गाणी ऐकायची, मुलामुलींचे आवाज पारखायचे, जुने पोशाख शोधायचे, असा त्यांचा उद्योग सुरू झाला.

१९४८ साली सरकारने या पथकाला मान्यता दिली. ज्या प्रदेशात ते निघाले त्याचेच 'माझोव्शे' हे नाव त्याला मिळाले. वॉर्साजवळच्या कारोलिन येथील एका जुन्या वाड्यात खेड्यांतील मुले-मुली राहायला आली. एल्विरा कामिन्स्का त्यांना नाच शिकवीत. नाचाच्या सरावाला मराठीत तालीम म्हणतात. हा शब्द तर तुमच्या घरचाच आहे! शेतात काम केलेली ही मुले काटक होती. पण पाय एका तालात पडण्यासाठी तालमीची मेहनत चुकत नव्हती.

पोलंडचे पाच नाच राष्ट्रीय मानले जातात. पोलोनेझमध्ये जोड्या संथपणे, मोठ्या रुबाबात चालतात. क्राकोव्ह्याक हा घोड्याच्या दौडीसारखा. मझूर ऐटबाज, तर कुयाव्ह्याक हळुवार. ओबेरेक मात्र भोवऱ्यासारखा! त्यात जोडपी स्वतःभोवतीही फिरतात आणि रिंगणातही फिरतात. वोविच भागातील मुलींचे लोकरीचे जाड, रंगीत पट्ट्यांचे घागरे अशा वेळी छत्रीसारखे उघडतात. आणि पोल्का? हे नाव ऐकून तुम्हांला परकर-पोलके आठवेल. पण पोल्का हा दोन मात्रांचा उड्या घेणारा नाच आहे. गंमत अशी, की नाव पोलिश वाटले तरी त्याचा जन्म शेजारच्या चेक लोकांत, एकोणिसाव्या शतकात झाला. पोलिश खेडुतांनी तो इतका आपलासा केला, की अमेरिकेत गेलेल्या त्यांच्या नातवंडांच्या लग्नांतही तो नाचला जातो.

६ नोव्हेंबर १९५० रोजी वॉर्सात पथकाचा पहिला प्रयोग झाला. १९५४ मध्ये पथक पॅरिसला जाऊन आले. आता सारे सुरळीत होणार, असे वाटत असतानाच १९५५ साली तादेउश वारले. पथकाचे संगीत त्यांचे होते. ते गेल्यावर पथक कसे टिकणार? मीरा यांनी सगळा भार स्वतःच्या खांद्यावर घेतला. १९५७ पासून वितोल्ड झपावा हे नाच बसवू लागले. एकेका प्रदेशाचे नाच पथकात येत गेले आणि त्यांची संख्या चाळीसच्या घरात पोहोचली. प्रत्येक प्रदेशाचा पोशाख वेगळा. तो तसाच असला पाहिजे, यावर मीरा यांचा कटाक्ष असे.

खळ्यात नाचणारा शेतकरी प्रेक्षकांकडे पाहत नाही. रंगमंचावर मात्र रांगा सरळ लागतात, चेहरे समोर लागतात. म्हणजे नाच थोडा बदलतोच. हे खेड्यातले अस्सल नाच नव्हेत, असा आक्षेप म्हणूनच घेतला जातो. तो अगदी खोटा नाही. पण ज्यांच्या गावात नाचणारे उरले नव्हते, त्यांना आपला नाच निदान रंगमंचावर तरी भेटला.

मीरा झिमिन्स्का १९९७ साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी वारल्या. तोपर्यंत पथकाची सूत्रे त्यांच्याच हाती होती. माझोव्शे पथक त्यांच्यामागेही चालू राहिले. २०२३ साली युनेस्कोने पोलोनेझ नाचाला मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले. पोलंडमध्ये शालान्त परीक्षेला सुमारे शंभर दिवस उरले, की शाळांमध्ये समारंभ होतो. त्या रात्री पुस्तके बाजूला ठेवून मुले-मुली नवे कपडे घालतात, जोडीने रांग धरतात आणि पोलोनेझचे पहिले पाऊल टाकतात.

स्वाध्याय

१. गाणे आणि नाच यांच्या जतनात लेखकाने कोणता फरक सांगितला आहे?
२. १९५५ साली पथकापुढे कोणती अडचण उभी राहिली?
३. रंगमंचावर येताना नाच का बदलतो? तुमचे मत चार-पाच वाक्यांत लिहा.
४. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या लहानपणीचे एखादे गाणे किंवा खेळ विचारा व वर्गात सांगा.