दुर्बीण घेऊन गावी येणाऱ्या भाच्यास

बाबू, तू मोबाईलवर चालणारी छोटी दुर्बीण घेतलीस, असं तुझ्या आईने कळवलं. सीस्टार असो की ड्वार्फ, यंत्र हुशार असतं. समोरचे तारे ओळखून आपण कुठे बघतोय ते ठरवतं, सांगितलेला तेजोमेघ शोधतं आणि दहा-दहा सेकंदांचे फोटो एकावर एक रचत जातं. मालवणचं खारं वारं, माड आणि तिथी मात्र त्याला कोणी शिकवलेली नाही. तेवढं तुझ्याकडे.

१. रजा मागण्याआधी पंचांग उघड — गणपतीत आभाळ भरलेलं असतं, शिमगा पडतो पौर्णिमेला, आणि दिवाळीची अवस काळोखी असली तरी दारोदार आकाशकंदील नि फटाक्यांचा धूर. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, या तीन अमावस्यांच्या आगेमागे ये. सणाला पाहुणा, अवसेला तारा.

२. जत्रेच्या रात्री दुर्बीण घरात ठेव आणि दशावताराला जाऊन बस — गावभर दिवे असताना तुला धड आकाश मिळणार नाही, आणि नाटकही चुकेल.

३. पुळणीवर मांडायची असेल तर भरतीची वेळ काढ — अवसेला आकाश सगळ्यांत काळं असतं आणि समुद्राला उधाणही तेव्हाच. भरती मध्यरात्रीच्या सुमारास भरते, म्हणजे नेमकी तुझा फोटो रंगात आल्यावर. जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीचा तास येतो. मोबाईलला रेंज नसली तरी हा चालतो.

४. तिवईचे पाय नुसत्या वाळूत रोवू नकोस, प्रत्येकाखाली फळी किंवा चिऱ्याचा तुकडा घाल — वाळू रात्रभर हळूहळू दबत राहते. पाय हलला की तारा लांबला.

५. माडाखाली मांडायची नाही, वारा पडलेला असला तरी नाही — नारळ आणि चुडत वेळ सांगून पडत नाहीत. माडाची सावली दिवसा, उघडा कातळ रात्री.

६. सड्यावर जाशील तर पायात बूट नि हातात बॅटरी हवी, आणि पिशवीचं तोंड बंद — कातळावर फुरसं असतं, आणि ते दगडाच्याच रंगाचं असतं. डोळे काळोखाला सरावावेत म्हणून लाल उजेड लावतात हे मला ठाऊक आहे. पण चालताना पांढराच लाव. दुर्बिणीतलं चित्र तू मोबाईलच्या पडद्यावर बघतोस, तुझ्या डोळ्यांना काळोखाची एवढी गरज नाही.

७. तिवई समपातळीत आण, मगच बटण दाब. होकायंत्र जुळवताना स्कूटर, लोखंडी गेट नि विहिरीचा पंप यांच्यापासून लांब जा — बैठक वाकडी किंवा दिशा चुकीची असली की यंत्र तारा शोधत भटकतं आणि तू कंपनीला शिव्या घालतोस.

८. पहिली रात्र चंद्राला दे, शुक्ल पक्षातल्या सप्तमी-अष्टमीच्या — अर्ध्या चंद्रावर उजेड-काळोखाच्या सीमेला विवरांच्या सावल्या लांब पडतात, पौर्णिमेला सगळं सपाट दिसतं.

९. कुठली वस्तू मावते ते आधी बघ — सीस्टार एस ५० च्या चौकटीत आकाशाचा साधारण पाऊण बाय सव्वा अंशाचा तुकडा येतो. चंद्र आरामात बसतो, मृगातला तेजोमेघ छान बसतो, देवयानीची दीर्घिका मात्र बाहेर सांडते. तिच्यासाठी तुकडे जोडायची सोय वापर. गुरू-शनीकडून फार आशा धरू नकोस. ५० मिलिमीटरच्या भिंगात ते चिमुकलेच दिसणार, आणि शेजारचा पोरगा 'एवढंच?' म्हणणार.

१०. कृत्तिका ऐन डोक्यावर असताना त्यांच्या मागे लागू नकोस, दोन तास आधी किंवा नंतर घे — मालवण १६ अक्षांशावर आहे, म्हणून त्या जवळजवळ माथ्यावरून जातात. तिथे सरळ उभ्या दुर्बिणीला गरकन वळावं लागतं, चित्र भरभर फिरतं आणि कोपरे वाया जातात.

११. चित्र असं फिरू नये म्हणून दुर्बीण ध्रुवाकडे कलती करायची युक्ती मित्रांनी शिकवली असेल. ती पहिल्या हिवाळ्यात नको — आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १६ अंश वर, म्हणजे यंत्र जवळजवळ आडवंच होतं आणि तिवई उलटायला बघते. पुढे करशील तेव्हा एक पाय बरोबर उत्तरेला, यंत्राच्या वजनाखाली ठेव, आणि मधोमध वाळूची पिशवी टांग.

१२. एका रात्री एकच वस्तू धर — चौपट वेळ दिलास तर चित्रातली खरखर निम्मी होते, त्याहून जास्त नाही. पाच मिनिटांचे दहा फोटो काढणारा सकाळी दहा वेळा हळहळतो.

१३. भिंगाचा हीटर सुरुवातीपासून चालू ठेव आणि पॉवर बँक जोडीला आण — रात्री मतलई वारा असला तरी दंव पडतंच, आणि हीटर बॅटरी खातो.

१४. घरी आल्यावर यंत्र लगेच पेटीत कोंबू नकोस, आधी पंख्याखाली सुकू दे — ओल आत कोंडली की भिंगाला बुरशी येते. बाहेरचं अंग ओलसर फडक्याने पूस. भिंगावर आधी फुग्याने हवा मार, लुंगीचं टोक लावू नकोस. मीठ नि वाळू काचेवर घासली की ओरखडा कायमचा.

१५. सूर्याकडे वळवण्याआधी सोलर फिल्टर बसलाय का ते हाताने चाचपून बघ — उघड्या भिंगातून सूर्य आत गेला तर आतला कॅमेरा जळतो. सूर्यावरून आठवलं: विजयदुर्गावर साहेबाचे कट्टे दाखवताना लोक सांगतील, लॉकियर या खगोलशास्त्रज्ञाने इथूनच हेलियम शोधला. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण खरं. पण लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता, आणि त्याने हेलियमची ती पिवळी रेषा ऑक्टोबरात तिथूनच पाहिली. ग्रहणात सूर्याचा वर्णपट तपासणारा जान्सेन गुंटूरला होता. कट्ट्यांवर जाऊन ये, वाद घालत बसू नकोस.

१६. पावसाळ्यात यंत्र हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेव, बॅटरी अर्धी भरून, आणि महिन्याने एकदा चालू करून बघ — चार महिने बंद पडलेलं यंत्र दसऱ्याला रुसतं.

१७. चैत्राच्या अवसेला मात्र यायचंच — नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा लाखो ताऱ्यांचा गोळा तेव्हा रात्री अकरा ते साडेबाराच्या दरम्यान दक्षिणेला २६ अंशांवर येतो. लंडनवाल्यांच्या क्षितिजावर तो कधी उगवतच नाही. दक्षिण मोकळी दिसेल अशी जागा मी बघून ठेवतो. तू कोकणकन्येचं तिकीट बुकिंग उघडल्या दिवशी काढ. आंब्याच्या दिवसांत मागाहून जागा मिळत नाही.