हृदयशस्त्रक्रियेआधी दंडाला टेप लावा

बायपास किंवा झडपेची शस्त्रक्रिया ठरली की घरात चर्चा होते ती ब्लॉकेजच्या टक्केवारीची, खर्चाची आणि रक्तदात्यांची. रुग्ण गेले काही महिने काय जेवतो आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. पुष्कळदा तो धड जेवतच नसतो. अटॅक आल्यापासून तेल, तूप, अंडी, दूध सगळे बंद. ताटात उरते पातळ खिचडी आणि उकडलेला दुधी. शेजारीपाजारी या यादीत भर घालतात ती वेगळीच! अशा पथ्याने कोलेस्टेरॉल किती उतरते ते सोडा, मांड्या मात्र नक्की उतरतात.

शस्त्रक्रियेत छातीचे मधले हाड उभे कापतात आणि शेवटी तारेने बांधतात. ते जुळायला, जखम भरायला प्रथिने लागतात. व्हेंटिलेटर सुटायला आणि खोकून कफ काढायला स्नायूंची ताकद लागते. कुपोषित रुग्णाला जंतुसंसर्गाचा धोका जास्त आणि त्याचा रुग्णालयातला मुक्कामही लांबतो.

मग वजन करून पाहावे, तर हृदयरुग्णाचा वजनकाटा दगा देतो. हार्ट फेल्युअरमध्ये अंगात पाणी साठते आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. आत स्नायू झिजत असतात, बाहेर पाय सुजत असतात आणि काटा तिथेच! आतड्यांनाही सूज येते, म्हणून दोन घासांत पोट भरते. काटा असा फसवतो, म्हणून सूज उतरल्यावरचे वजन खरे धरावे.

जाडजूड माणसाचे पोषण चांगलेच असणार, हाही गैरसमज. आत चरबी किती आणि स्नायू किती, हे वजनावरून कळत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे छापली होती. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्या लोकांत बीएमआयवर विसंबणे किती फसवे, हे त्यात आले.

रिपोर्टमधला अल्ब्युमिनचा आकडा पाहून ‘प्रोटीन कमी आहे, पावडर सुरू करा’ असे सांगणारे भेटतात. अल्ब्युमिन जंतुसंसर्गात, यकृताच्या आजारात, अंगात पाणी वाढल्यावरही घटते. ते कमी असेल तर धोका आहे एवढे कळते. पोषणाची परीक्षा त्यावर होत नाही.

ती परीक्षा साध्या गोष्टींनी होते. न ठरवता तीन ते सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त घटले का, म्हणजे ६० किलोचे ५७ च्या खाली गेले का? जेवण निम्म्यावर आले का? खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये दंडाला शिंप्याची टेप लावा, घेर २३.५ सेंमीपेक्षा कमी भरला तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. काही रुग्णालयांत मुठीची पकड मोजण्याचे यंत्र असते. आशियाई निकषांनुसार पुरुषाची पकड २८ किलोंहून आणि स्त्रीची १८ किलोंहून कमी असेल तर ती कमजोर समजतात. संधिवाताच्या तापाने (रुमॅटिक फीवर) लहानपणीच झडपा बिघडलेल्या, सडपातळ बायकांमध्ये हे सगळे तपासायलाच हवे. ‘तिची अंगकाठीच तशी’ म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते.

कुपोषण तीव्र असेल आणि शस्त्रक्रिया तातडीची नसेल, तर एक-दोन आठवडे थांबून आहार सुधारणे फायद्याचे ठरते. थांबायचे की नाही, हे मात्र सर्जनच ठरवतील. साधारणपणे दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला किमान ७२ ग्रॅम. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम मिळतात, वाटीभर घट्ट वरणातून जवळपास तेवढीच. नुसत्या वरणभातावर हा हिशेब जमत नाही. दही, पनीर, उसळ, मासे, अंडी हे सगळे थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा पाण्यावर बंधन असेल तर आधी आहारतज्ज्ञांना विचारा.

आणि शस्त्रक्रिया नीट पार पडावी म्हणून घरातल्या कोणाला उपास धरायचाच असेल तर तो नातेवाइकांनी धरावा, रुग्णाने नव्हे. त्याच्यासाठी भूलतज्ज्ञांनी सांगितलेले उपाशी राहण्याचे तास पुरेसे आहेत.